दुसरी हाक

बायनाबाईच्या घरात येणारा माणूस अंग चोरून यायचा. दार काही अरुंद नव्हतं. चांगलं दोन फळ्यांचं, बैल सुटून आला तरी सरळ आत शिरावा एवढं रुंद. तरी शेजारीण विरजण मागायला आली, की उंबऱ्याशी जराशी थांबायची, एक खांदा पुढे काढायची आणि उजव्या चौकटीला घासून आत यायची. पोस्टमन तसाच यायचा. किशनराव तर घरधनी. डोक्यावर कडब्याची पेंढी असली तरी दारात तिरका व्हायचा. हे कोणाच्या ध्यानात येत नसावं. बायनाबाईच्या आलं होतं. वाटेत कोणी उभं असलं की त्याला धक्का लागू नये म्हणून आपण सरकतो ना, तसे ते सगळे सरकत होते.

डाव्या चौकटीशी कोण उभं आहे हे तिला कोणाला विचारायचं नव्हतं.

काशीनाथला जाऊन हा दुसरा उन्हाळा. त्या साली चारठाण्यात तापाची साथ आली होती. बारा वर्षांचं पोर. अंग तापलं, मान ताठली आणि आठवडी बाजार भरायच्या आत सगळं आटोपलं. दिवस झाले, पाहुणे परतले, आणि मग एका दिवेलागणीला तो तिला दाराशी जाणवला. दिसला नाही. पण चुलीपुढून मान वर केली की कळायचं, तो तिथे आहे, आणि गल्लीकडे तोंड करून आहे. तिला त्याची पाठ जाणवायची. सदऱ्याची खांद्यावर उसवलेली शिवण, मानेवर वाढलेले केस. तोंड कधीच नाही.

तेव्हापासून तिनं दाराची डावी फळी लावली नव्हती. सडा झाला की रांगोळी उजवीकडे सरकवून काढायची. घरातलं कुत्रं भर दुपारी सावलीसाठी कुठेही पसरायचं, उंबऱ्यावर मात्र कधी नाही. दिवे लागल्यावर गेलेल्याचं नाव घेऊ नये, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. तिनं ते दिवसालाही लावलं. घरात ते नाव कोणी उच्चारत नव्हतं.

"आगं, वाळवी लागंल त्या फळीला. येकदा तरी लाव," किशनराव म्हणायचा.

"राहू द्या. वारा येतो."

"वैशाखात कसला वारा? झळा यायल्यात."

"मंग झळा येऊ द्या."

मग तो अंग चोरून बाहेर पडायचा.

त्या वैशाखात एका दुपारी बन्सीधर गुरुजी आले. त्यांच्या मागून पोरं आली. पोरं म्हणायचं सवयीनं. बापूला मिसरूड फुटलं होतं, सुमंगला जिंतूरला अकरावीला होती, आणि शेजारची कावेरी तर पुढच्या आठवड्यात लग्न होऊन ताडकळसला चालली होती. चौघंही एकामागून एक तिरकी होऊन आत आली. कावेरी सगळ्यांत जास्त तिरकी.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण उन्हाळ्याच्या सुट्टीतून झाले नव्हते. पोरांनी उन्हात भटकू नये म्हणून त्यांनी फार पूर्वी एक खेळ काढला होता. गावाबाहेरच्या पडक्या देवळात, गार दगडावर पोरांना बसवायचं आणि गोष्ट सांगायची. गोष्ट अशी, की ती पुढे पोरांनीच न्यायची. "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी आलात. आत काळोख आहे. बोला, काय करता?" ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, कवड्या टाकायच्या आणि कवड्यांच्या दानावर ते जमलं की फसलं ते ठरायचं. प्रत्येकाचं एक सोंग. कावेरी मशालजी, सुमंगला वैदीण, बापू बहुरूपी. आणि काशीनाथ राखणदार. प्रत्येकाला गुरुजींनी बाभळीच्या लाकडाचा एक मोहरा कोरून दिला होता.

काशीनाथ गेल्यावर तो खेळ बंद पडला होता.

"काकू, हे बगा!" बापूनं मूठ उघडली.

"काय रे? चिंचोके का?"

"चिंचोके न्हाईत, फासे हायत! ह्या एकट्याला वीस तोंडं हायत."

"एका तोंडानं तू गावाला बेजार केलंस," सुमंगला म्हणाली. "ते वीसवालं तुझ्यापासून लांबच ठेवलं पायजे."

गुरुजींच्या पुतण्यानं पुण्याहून एक खोकं पाठवलं होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या जागच्या जागी उभ्या होत्या, म्हणून ते परभणीतच अडकून राहिलं आणि काल पोचलं. आत परदेशी छापाचं पुस्तक आणि रंगीत फासे. गुरुजींनी शब्दकोश घेऊन अर्धं पुस्तक मराठीत उतरवूनही काढलं होतं.

"खेळ तोच आहे, वहिनी," ते म्हणाले. "गोष्ट सांगायची आणि पोरांनी ती पुढे न्यायची. जगात दुसरं कोणी हेच करतंय, हे बघून मला तर गंमत वाटली. पण त्यांचे नियम जास्त बारकाईचे आहेत. म्हणून आमची जुनी सोंगं नव्या नियमांत बसवायचं काम काढलंय."

"बसवायचं कशाचं, काकू," बापू म्हणाला, "मला चोर करायलेत! चांगला बहुरूपी होतो मी. राजाचं सोंग घेऊन राजाच्या पंगतीला जेवलो होतो."

"त्यांच्याकडे चारच प्रकारची माणसं आहेत," गुरुजी शांतपणे म्हणाले. "योद्धा, जादूगार, पुजारी आणि चोर. वेष बदलून दुसऱ्याच्या घरात शिरणारा त्यांच्या हिशेबी चोरच."

"तुझ्या दप्तरात माझी कंपासपेटी सापडली, तवाच तुझं ठरलं होतं," सुमंगला म्हणाली. "आन मला पुजारी. आता जखमेला पाला चोळायचा न्हाई. नुसता मंतर मनायचा."

"दक्षिणा भेटंल की."

बायनाबाईच्या ओठांवर हसू आलं. ह्या घरात पोरांचा आवाज उठून बरेच दिवस झाले होते. कावेरी तेवढी बोलत नव्हती. ती भिंतीला पाठ लावून बसली होती आणि दाराच्या डाव्या चौकटीकडे बघत होती.

"आणि आपल्या काशीनाथाचा," गुरुजी म्हणाले. नाव हवेत तसंच राहिलं. गुरुजींनाही ते जाणवलं. चष्मा काढून ते उपरण्यानं पुसत राहिले.

"बोला, गुर्जी," बायनाबाई म्हणाली. "ऊन हाय आजून."

"त्याचा मोहरा तुमच्याकडे आहे. ह्या तिघांचं म्हणणं, त्याला सोडून नवा खेळ मांडायचा नाही. कावेरी चालली. ती जायच्या आत एकदा सगळ्यांनी मिळून खेळावं."

"त्याला काय करताव नव्यात?"

"योद्धा. जवळचं तेच आहे."

"योद्धा काय करतो?"

"सगळ्यांच्या पुढे होऊन आत शिरतो. तलवार चालवतो."

"आन दाराशी कोण राहतं मंग?"

"नव्या नियमांत दाराशी कोणाला ठेवत नाहीत, वहिनी. सगळेच आत जातात."

बायनाबाई उठली. देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी तो मोहरा होता. अंगठ्याएवढा, हातात काठी धरलेला. गुरुजींनी त्याला डोळे कोरले नव्हते; ते काशीनाथनं शाईच्या टाकानं काढले होते, एक मोठा, एक बारीक. तिनं तो पदराच्या टोकानं पुसला. आत शिरतो, असं गुरुजी म्हणाले होते. राखणदार आत येत नाही, योद्धा येतो. दारातून हलला, आत आला, तर एखादे वेळी इकडे तोंड करील.

तिनं मोहरा गुरुजींच्या हातावर ठेवला. "करा योद्धा," ती म्हणाली.

तिच्या देखतच गुरुजींनी कोऱ्या कागदावर वळणदार अक्षरात त्याचं नवं सोंग लिहिलं.

त्या संध्याकाळी तिनं भाकरी थापताना मान वर केली. डाव्या चौकटीशी कोणी नव्हतं. जागा मोकळी होती, जशी कोणाच्याही दारात असते. तिनं पाट मांडला, ताट वाढलं, वर दूध घातलं आणि आत कुठे काही जाणवतंय का बघत बसली. कोठीपाशी नाही, देव्हाऱ्यापाशी नाही, त्याच्या अंथरुणाच्या कोपऱ्यातही नाही.

मग दाराची कडी वाजली.

दार उघडंच होतं. कडी फळीला लोंबत होती आणि ती कोणीतरी हळूच उचलून सोडावी तशी वाजली. थोड्या वेळानं परसदाराची वाजली. नंतर गोठ्याच्या झापाशी काहीतरी खुडबुडलं.

"कोण हाय रं?" किशनराव ओरडला. कोणी ओ दिली नाही. कुत्रं पोटाखाली शेपूट घालून बाजेखाली शिरलं.

"ये की आत," बायनाबाई दाराकडे बघून पुटपुटली. नाव घेतलं नाही. "ये, ताट वाढलंय."

कडी परत वाजली, पुढच्या दाराची. मग परसदाराची. नव्या गावात वस्तीला जागा मागत फिरणारा माणूस फिरतो तसं चाललं होतं. बायनाबाईला हळूहळू उमगलं, आपण काय करून बसलो ते. त्याची उभं राहायची जागा काढून घेतली, आणि आत यायला तर त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

उजाडल्याबरोबर ती गुरुजींच्या घराकडे निघाली. पायरीवर कावेरी आधीच बसलेली होती. हातावर मेंदी काढायचे दिवस तिचे, आणि तोंड रात्रभर जागल्यासारखं.

"आमच्या दाराची कडी वाजली, काकू," ती म्हणाली. "तुमच्या दाराची बी वाजली ना?"

बायनाबाईनं मान हलवली.

गुरुजी बाहेर आले. कावेरीनं त्यांच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली.

"गुर्जी, आमी आजून आतच हावोत."

"कुठे?"

"भुयारात. तो खेळ पुरा झालाच न्हाई. तुमी परभणीच्या गाडीसाठी मधूनच उठलात, आमाला मनलात, तुमचं तुमी बाहेर पडा. तेवढ्यात आमच्या रानात बैल सुटला मनून आरडाओरड झाली. बापू आन सुमी मागच्या पडक्या भिंतीवरून पळाले. मी बी पळाले. तो पुढं दाराशी उभा होता. पळता पळता मी हाक मारली."

"मारलीस ना मंग," बायनाबाई म्हणाली.

"येकदाच मारली, काकू."

गुरुजी पायरीवर बसले. नियम त्यांचाच होता. ह्या मुलखात तिन्हीसांजेला कोणी एका हाकेला ओ देत नाही. रानात जे फिरतं ते नाव घेऊन एकदाच हाक मारतं; जिवंत माणूस परत मारतो. पोरांच्या अंगवळणी पडावं म्हणून गुरुजींनी ते खेळात घातलं होतं. राखणदारानं पाठ आत आणि तोंड बाहेर करून उभं राहायचं. सगळ्यांत शेवटी निघालेल्यानं त्याला नावानं हाक मारायची. पहिल्या हाकेला हलायचं नाही. दुसरी आली की "आलो" म्हणायचं, एकदा वळून आत कोणी उरलं नाही ना ते बघायचं, आणि मग जागा सोडायची.

बायनाबाईला ती संध्याकाळ आठवली. पोरगं घरी आलं नाही म्हणून ती देवळाकडे गेली होती. हा दारात उभा, हातात काठी, तोंड रानाकडे. चल घरी, ती म्हणाली. दुसरी हाक यायचीय आजून, तो म्हणाला. आत कोण हाय येड्या, पोरं कवाच घरी गेली. तर म्हणतो, माय, तू न्हाईस खेळात, तू बोलू नको. तिला हसू आवरेना. कान धरून तिनं त्याला ओढत आणला होता, आणि तो वाटभर मागे वळून देवळाकडे बघत होता. त्याच आठवड्यात ताप आला.

तिच्या दारातून देवळाचं मोडकं शिखर दिसतं. तो गल्लीकडे बघत नव्हता, हे तिला आत्ता कळलं. तो शिखराकडे बघत होता.

"मार की मंग दुसरी," ती कावेरीला म्हणाली.

"मारीन. पण ओ कोण देईल? दुसऱ्याच्या मोहऱ्याला हात लावायचा न्हाई, आसं हाय."

"एका ताटात जेवणाऱ्यानं लावला तर चालतो," गुरुजी हळूच म्हणाले. "भाऊ आजारी पडला तर बहिणीला खेळता यावं म्हणून तसं ठेवलं होतं."

कोणी बायनाबाईकडे बघितलं नाही. तिनंच सांगितलं. "त्याच्या ताटात उरायचं ते मीच खायचे."

गुरुजींनी आत जाऊन मोहरा आणला. कालचा कागद त्यांनी तिच्यासमोर आडव्या रेघा मारून खोडला. "हे जुन्या नियमांनीच संपवायला पाहिजे," ते म्हणाले.

"संपलं की तो जाईल?"

"खेळ संपेल, वहिनी. पुढचं मला ठाऊक नाही. ठाऊक आहे असं तुम्हाला सांगणार नाही."

उन्हं कलल्यावर सगळी देवळात जमली. गाभाऱ्यात देव नव्हता, फक्त रिकामा चौथरा. पोरं त्याच्यापुढे दगडावर बसली, गुरुजींनी मधे कवड्या ठेवल्या. बायनाबाई दारात उंबऱ्यावर बसली, डाव्या अंगाला, पाठ आत आणि तोंड बाहेर. मोहरा तिच्या मुठीत होता. समोर नांगरून पडलेलं रान, बांधावरची चिंच, आणि पलीकडे गाव. त्यात तिला आपलं घर दिसलं, आणि उघडी राहिलेली फळी.

"तुम्ही तिसऱ्या दालनात आहात," मागून गुरुजींचा आवाज आला. त्या आवाजानं सगळ्या पोरांची वयं उतरली. "गावाच्या विहिरीचं पळवलेलं पाणी तुमच्या घागरीत आहे. मशाल विझत आलीय. वाटेत सावली बसलीय, जिनं ते पाणी पळवलं ती. बोला, काय करता?"

"मी तिचंच सोंग घेतो," बापू म्हणाला. "आरशासारखा पुढ्यात बसतो. ती हात हलवंल तसा हलवतो." कवड्या खणखणल्या. "पडलं दान! येडी झाली सावली."

"आपल्या आपल्याला बघून," सुमंगला म्हणाली. "तुला बघून कोणी बी होईल."

बापू हसला, पण देवळात ते हसणं जरा वेळ फिरत राहिलं, म्हणून तो आपोआप थांबला. सुमंगलानं सावलीला गुंगीचा पाला हुंगवला. कावेरीनं मशाल उंच धरली. तिच्या हातात काही नव्हतं, तरी तिची मूठ तशीच वर होती. दालनामागून दालन मागे पडलं. गुरुजी घाई करत नव्हते. कोण कुठे पाय ठेवतंय ते एकेकाला विचारून घेत होते, जणू कोणी मधे सुटून राहू नये.

"दार दिसायलंय," बापू म्हणाला. "मी घागर घेऊन बाहेर."

तो उठला आणि खरोखरच बायनाबाईच्या उजव्या बाजूनं, अंग चोरून, उंबरा ओलांडून बाहेर गेला. मागून सुमंगला गेली. गुरुजी पोथीसारखी कवड्यांची पिशवी छातीशी धरून गेले. वाट दाखवणारी मशाल शेवटी. कावेरी सगळ्यांत शेवटी बाहेर आली, पाच पावलं चालून थांबली आणि वळली.

सूर्य चिंचेच्या फांद्यांत उतरला होता.

"काशीनाथ!"

नाव दारातून आत गेलं, दगडावर आपटलं आणि गाभाऱ्यातली वटवाघळं फडफडली. बायनाबाईच्या ओठांपर्यंत ओ आली. तिनं ती दातांखाली धरली. पहिल्या हाकेला हलायचं नाही. मागे देवळात कोणी नव्हतं, आणि तरी तिच्या मानेवर, अगदी जवळ, कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं वाटत होतं. तिच्यासारखंच.

"काशीनाथ!"

ही दुसरी. आता तिची पाळी होती.

ती बोलली नाही. मूठ आवळून बसली. आपण गप्प राहिलो तर कोणी काही करू शकत नाही, हे तिला स्वच्छ दिसलं. संध्याकाळी घरी जावं, चूल पेटवावी, मान वर करावी, तो असेल. पाठ तर पाठ. काहींना तेवढंही मिळत नाही.

"काकू..." बापू कुजबुजला. गुरुजींनी हात वर करून त्याला थांबवलं. प्रश्न विचारल्यावर पोराचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. ते थांबले. कावेरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती जागची हलली नाही. एकदा ती पळाली होती.

बायनाबाईनं मूठ उघडली. मोहऱ्याचे पाय झिजले होते. काशीनाथला उभं राहून पाय दुखले, की एका पायानं दुसऱ्या पायाची पोटरी घासायची सवय होती. कान धरून आणला त्या संध्याकाळीही तो पाय घासत होता, आणि झोपताना तिनं त्याच्या पायांना तेल चोळलं होतं. माय, लय येळ उभा होतो गं, असं म्हणाला होता. तेव्हापासून तो उभाच होता. तिच्या दारात, तिच्या डोळ्यांसमोर, आणि तिनं त्याला एकदाही बस म्हटलं नव्हतं.

"आलो," ती म्हणाली.

शब्द तिच्या तोंडून आला, पोराच्या बोलीत, जसा त्यानं म्हटला असता तसा. तिनं मोहरा बोटांत धरून हळूच वळवला. एकदा वळून आत बघायचं असतं. शाईचे डोळे तिच्याकडे आले. शाई लाकडात पसरली होती. बारीक डोळाही मोठा झाला होता. ती बघत राहिली. मानेवरचा श्वास सुटला.

मग तिनं मोहरा परत फिरवला, हात लांब केला आणि त्याला उंबऱ्याबाहेर मातीवर ठेवलं.

परतताना वाट बांधावरून होती, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. पुढे गुरुजी, मग बापू, सुमंगला, कावेरी, आणि शेवटी बायनाबाई. कावेरीनं आडवी आलेली बाभळीची फांदी बाजूला धरली, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. बायनाबाईही तिच्या मागे एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून चालत होती. का, ते कोणी विचारलं नाही. चिंचेपाशी वाट फुटते; एक गावात जाते, एक रानात. तिथे दोघी क्षणभर थांबल्या. मग बायनाबाई पुढे झाली, आणि मधलं अंतर राहिलं नाही.

वेशीशी गुरुजी म्हणाले, "नव्या खेळात त्याच्या नावाचा एक कागद कोरा ठेवू का, वहिनी?"

"नगं. कोरा कागद दिसला, की कोणी तरी वाट बगायलंय आसं वाटतं." ती थोडी चालली. "आन गुर्जी, नव्यात दाराशी कोणाला उभं करू नका. सगळ्यांनी संगं जावं, संगं यावं."

"पुस्तकात तसंच आहे."

"मंग पुस्तक चांगलं हाय," ती म्हणाली. "त्या बापूला चोर करा खुशाल."

"काकू!" बापू ओरडला.

घरी आल्यावर तिनं दाराची डावी फळी ओढली. गंजलेल्या बिजागरीनं दाद दिली नाही. तिला अंगाचा भार टाकावा लागला. मग उजवी लावली आणि आतून अडसर घातला. घरात एवढा काळोख तिनं बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. ती चुलीपुढे बसली. मान वर करायची तिला भीती वाटत होती. तिनं केली. दोन फळ्या होत्या, आणि मधे उजेडाची एक रेघ.

कडी वाजली.

तिच्या हातातलं पीठ सांडलं. परत वाजली, दुसऱ्यांदा, आणि बाहेरून किशनरावचा आवाज आला, "आगं, कडी वाजवून दमलो. दार कशाला लावलंस?"

तिनं अडसर काढला, दोन्ही फळ्या उघडल्या. किशनराव डोक्यावर कडबा घेऊन उभा होता. त्यानं सवयीनं एक खांदा पुढे काढला, उजव्या चौकटीकडे सरकला, आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबला. मग त्यानं डाव्या चौकटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"सरळ या," ती म्हणाली.

त्यानं कडबा खाली उतरवला. "न्हाई का आता?" त्यानं विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं.

"न्हाई."

तो उंबऱ्यावर आला. दाराच्या अगदी मधोमध त्याचा पाय क्षणभर अधांतरी राहिला. मग त्यानं तो आत टाकला.